आकृती पाठ करून भागत नाही

मुलगी अर्थशास्त्रातल्या मागणीच्या आकृत्या पाठ करते, पण प्रश्न फिरवला की अडते, असं तुम्ही लिहिलंत. बारावीला बहुतेक मुलं इथेच अडकतात. तिला एकदा वाशीच्या फळबाजारात न्याच. मे महिन्यात आवक वाढून हापूस स्वस्त झाला आणि लोकांनी जास्त घेतला, तर तो मागणीचा विस्तार. बिंदू त्याच वक्रावर, म्हणजे भाव आणि मागणीचं नातं दाखवणाऱ्या रेषेवर, खाली सरकतो. भाव तोच, पण पगार वाढला म्हणून जास्त घेतला, तर ती वृद्धी. अख्खा वक्र उजवीकडे जातो. हा फरक तिने स्वतःच्या तोंडाने समजावून सांगायला हवा.

लवचीकतेसाठी, म्हणजे भाव बदलला की मागणी किती बदलते हे मोजायला, आकडेच मांडायला लावा: भाव १०० वरून ८०, मागणी १० वरून १३ किलो. मागणी ३० टक्के वाढली, भाव २० टक्के उतरला; ३० भागिले २०, म्हणजे १.५, एकापेक्षा जास्त. भाव उतरूनही एकूण खर्च १००० वरून १०४० झाला, म्हणजे मागणी जास्त लवचीक. आकृतीत अक्षांना नावं मात्र आधी द्यायची, वक्र नंतर.