बाळंतिणीला नेमकं काय विचारायचं?

गोदाकाठ : मागच्या महिन्यात आमच्या उपकेंद्रात एक बाई आली. मांडीवर पाच महिन्यांचं पोर आणि पुन्हा दिवस गेलेले. "सिस्टर, अंगावर पाजतेय, पाळीपण आली नव्हती. मग राहिलं कसं?" पाजतेस तोवर भीती नाही, असं सासूने सांगितलेलं. सासूचं अर्धं खरंच आहे. १९८८ साली इटलीत बेलाजिओला तज्ज्ञ जमले होते, त्यांनी तीन अटी घातल्या : पाळी आलेली नको, बाळ जवळपास निव्वळ अंगावरच्या दुधावर हवं आणि सहा महिन्यांच्या आतलं हवं. तिन्ही पाळल्या तर दिवस जाण्यापासून ९८ टक्के बचाव. हिच्या नोंदीत 'फक्त आईचं दूध : हो'. मी विचारलं, काल उठल्यापासून पोराला काय काय दिलं? बाळगुटी, दोनदा पाणी, रात्री गाईच्या दुधाची बाटली! आशांनी गावातल्या प्रत्येक बाळंतिणीला एवढा 'कालचा दिवस' विचारून लिहावा. शंभर पानी वही पुरे.

सडेतोड : आशाताई ४२ दिवसांत सहा फेऱ्या मारतातच. त्यात ही नवी वही, आणि मानधन तेवढंच! विचारत बसण्यापेक्षा दिवस जाऊ नयेत म्हणून घ्यायच्या छाया गोळीचं पाकीट हातात द्या ना.

गोदाकाठ : दिलेलं पाकीट फळीवर पडून राहतं. 'गोळीने दूध आटतं' म्हणे. छायात हार्मोन नाही, पाजणारीला चालते. पण घरात कोण अडवतंय ते विचारल्याशिवाय कळणार कसं? गडचिरोलीत बंग दांपत्याने दोनच गावांतल्या साडेसहाशे बायका तपासल्या होत्या. ९२ टक्के जणींना स्त्रीरोग निघाले. १९८९ साली ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं, तोवर कुणाला पत्ता होता?

माजलगावची लेक : तुमची वही गावात फिरणार, आमच्या बायका ऊसतोडीच्या फडात. दिवाळी झाली की घराला कुलूप. दीड महिन्याची बाळंतीण मोळ्या उचलते, लेकरू झोळीत. तो बचाव टिकायला दिवसा दोन पाजण्यांत चार तासांच्या वर अंतर नको म्हणतात. मुकादम थांबतो होय? पहिला सर्वे तिथे करा.

सडेतोड : फडाचं पटलं. वहीचं अजून नाही. सासूसमोर कुठली सून खरं सांगते?

गोदाकाठ : म्हणून सासूसमोर मी सुनेला विचारतच नाही. "आजी, काल नातवाला काय काय चाटवलंत?" मधाच्या बोटापासून सगळं कौतुकाने सांगतात.