मदत हवी आहे: ९० दिवसांच्या उधारीवर माल मागणाऱ्या कंपनीची खरी माहिती कुठे मिळेल?

भोसरीकर

नमस्कार मंडळी,

भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. दोन सीएनसी, तीन साध्या लेथ, एक मिलिंग. मी, धाकटा भाऊ आणि सात कामगार. आजवर बहुतेक जॉबवर्कच केलं. गिऱ्हाईक स्टील पाठवतं, आम्ही मशिनिंग करून माल परत देतो. पैसे बुडाले तरी मजुरीच बुडते.

या वेळी मात्र मटेरियलसकट ऑर्डर आली आहे. पीओ (खरेदीची लेखी ऑर्डर) १८ लाखांची, ईएन-८ स्टीलचे बार आम्ही घ्यायचे, आणि पैसे माल पोचल्यावर ९० दिवसांनी. एवढी मोठी ऑर्डर आम्हाला कधी मिळाली नाही. भाऊ म्हणतो घेऊन टाकू. माझी झोप उडाली आहे.

कारण सांगतो. तीन वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाकडे ६ लाख ४० हजार अडकले. चेक परत आला. मी गेलो तर गेटला कुलूप आणि आत गवत वाढलेलं. त्या दिवाळीला कामगारांचा बोनस बायकोच्या पाटल्या गहाण ठेवून दिला. पाटल्या सोडवल्या, पण तो दिवस विसरलो नाही.

ही कंपनी प्रायव्हेट लिमिटेड आहे, शेअर बाजारात नाही. वेबसाइटवर 'सन १९९४ पासून' असं लिहिलंय, फोटो चांगले आहेत, परचेसचा माणूस बोलायला नीट आहे. आमचे सीए म्हणाले, बॅलन्स शीट मागून बघा. मागितली, तर 'ते कॉन्फिडेन्शियल असतं' असं उत्तर आलं. माझ्यासारख्या माणसाला कंपनीचं खरं काय ते कुठे बघायला मिळेल? आठ दिवसांत हो-नाही कळवायचं आहे.

---

ताळेबंद

भोसरीकर, पहिली गोष्ट म्हणजे लिमिटेड कंपनीची बॅलन्स शीट कॉन्फिडेन्शियल नसते. कंपनी कायदा २०१३, कलम ३९९. कंपनीने रजिस्ट्रारकडे भरलेले कागद कोणीही ठरलेली फी देऊन पाहू शकतो. केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाची एमसीए ही साइट उघडा. 'मास्टर डेटा', म्हणजे कंपनीची मूळ माहिती, फुकट दिसतो. 'व्ह्यू पब्लिक डॉक्युमेंट्स'मध्ये एका कंपनीचे शंभर रुपये भरले की कागद उघडतात.

आधी त्यांच्या पीओवरचा सीआयएन, म्हणजे कंपनीचा ओळख क्रमांक बघा, २१ अक्षरांचा असतो. पहिलं अक्षर एल म्हणजे बाजारात नोंदलेली, यू म्हणजे नाही. मग पाच आकडे धंद्याचे, दोन अक्षरं राज्याची, चार आकडे स्थापनेच्या वर्षाचे, पीटीसी म्हणजे प्रायव्हेट, पीएलसी म्हणजे पब्लिक, शेवटी सहा आकडी नोंदणी क्रमांक. तुमच्या 'सन १९९४ पासून'ची परीक्षा त्या चार आकड्यांत आहे.

वर्ष जुळलं नाही म्हणून लगेच घाबरू नका, कारण मात्र समजून घ्या. आपल्या आकुर्डीचंच उदाहरण देतो. बजाज ऑटोच्या सीआयएनमध्ये वर्ष २००७ आहे. नाव तर कितीतरी जुनं! झालं असं, की धंद्याची विभागणी झाली तेव्हा वाहनांचा धंदा २००७ साली काढलेल्या नव्या कंपनीत गेला आणि तिने बजाज ऑटो हे नाव घेतलं. १९४५ ची मूळ कंपनी आता बजाज होल्डिंग्ज अँड इन्व्हेस्टमेंट या नावाने आहे, आणि तिच्या सीआयएनमध्ये १९४५ च आहे. तिथे सगळं उघड आणि स्वच्छ झालं. सांगायचं एवढंच, की नाव जुनं असलं तरी तुमचा पीओ ज्या कंपनीचा आहे ती वेगळी असू शकते. पैसे तीच देणार, म्हणून तीच तपासायची.

मग एओसी-४, म्हणजे वर्षाचे हिशेब भरायचा फॉर्म, डाउनलोड करा. त्यालाच ताळेबंद, नफा-तोटा आणि ऑडिटरचा रिपोर्ट जोडलेला असतो. नफा नंतर बघा. तुम्ही सप्लायर आहात, आधी 'ट्रेड पेयेबल्स'ची, म्हणजे सप्लायरच्या देण्यांची टीप काढा. २०२१-२२ पासून तिथे देण्यांचं वय दाखवावं लागतं: एका वर्षाच्या आतलं, एक ते दोन, दोन ते तीन, तीनच्या वरचं. सूक्ष्म-लघु उद्योगांची ओळ वेगळी, इतरांची वेगळी, वादातली वेगळी. सप्लायरला किती रखडवतात ते त्या छोट्या तक्त्यात सरळ दिसतं.

'चार्जेस'मध्ये, म्हणजे कर्जापोटी दिलेल्या तारणांच्या नोंदीत, बँकेचं कर्ज किती आणि कशावर ते कळेल. एजीएमची, म्हणजे वार्षिक सर्वसाधारण सभेची शेवटची तारीखही बघा. मार्चला वर्ष संपलं की सप्टेंबरअखेर सभा व्हायला हवी. दोन वर्षं हिशेबच भरले नसतील तर पुढे काही वाचायची गरज नाही.

आणि ९० दिवस कसले? तुमचं उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, आहे ना? २००६ च्या एमएसएमईडी कायद्याने लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या पुढे मुदत देता येत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागतं. हे त्यांच्या अकाउंट्सवाल्याला नक्की माहीत असतं.

---

भोसरीकर

ताळेबंद साहेब, फार आभार. उद्यम आहे. सर्टिफिकेट फाइलला लावून ठेवलं होतं, त्याचा असा उपयोग आहे हे आज कळलं. आज रात्री शंभर रुपये भरतो.

---

कपाटातली पुस्तकं

मी तीस वर्षं पुण्यात ग्रंथालयात काम केलं, त्यामुळे कागदाच्या बाजूने सांगते.

बँकेने कर्जदाराच्या मालमत्तेचा ताबा घेतला की नोटीस दोन वर्तमानपत्रांत द्यावी लागते, आणि त्यातलं एक स्थानिक भाषेतलं असावं लागतं. २००२ च्या सरफेसी कायद्याखालचा नियम आहे. दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली की तिची जाहीर सूचनाही इंग्रजी आणि प्रादेशिक अशा दोन्ही पेपरांत येते. म्हणजे पुण्यातल्या मराठी पेपरांच्या मागच्या पानांवर, बारीक टायपात, हे सगळं छापलेलं असतं. लोक ते पान उलटून पुढे जातात.

शोधताना फक्त कंपनीच्या नावावर विसंबू नका. नोटिशीत जामीनदारांची नावं असतात, प्लॉट किंवा गट नंबर असतो, चतुःसीमा असतात. संचालकांची नावं आणि कारखान्याचा प्लॉट नंबर कागदावर लिहून घेऊन या. एमसीएवर एखादा चार्ज कधी नोंदला ते बघा, म्हणजे कुठल्या तारखेनंतरचे अंक काढायचे ते ठरेल. एकदा एक गृहस्थ जावयाच्या भागीदाराची चौकशी करायला आले होते. कंपनीच्या नावाने काही सापडलं नाही. प्लॉट नंबराने बांधीव खंड चाळायला घेतले, तर चौथ्या खंडात लिलावाची जाहिरात निघाली, दुसऱ्याच कंपनीच्या कर्जापोटी. ते बराच वेळ तसेच बसून होते. मी पाणी आणून दिलं.

अर्थकारणाच्या संदर्भासाठी गोखले इन्स्टिट्यूटचं धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय आहे, विद्यापीठाचं जयकर ग्रंथालय आहे. बाहेरच्यांना कुठल्या अटीवर बसू देतात ते आधी फोन करून विचारा. सीएमआयई संस्थेचा 'प्रोवेस' नावाचा कंपन्यांचा डेटाबेस असतो. तो एकट्या माणसाला परवडत नाही, पण व्यवस्थापनाच्या काही कॉलेजांच्या ग्रंथालयांत घेतलेला असतो. तुमची कंपनी लहान असेल तर त्यात नसेलही. मात्र ती ज्यांना माल विकते ती मोठी गिऱ्हाइकं असतील. त्यांचे पैसे अडकले की तुमचेही अडकणार, म्हणून तेही बघा.

ग्रंथपालाला 'या कंपनीबद्दल काही आहे का?' असं विचारू नका. 'ही कंपनी बिलं वेळेवर देते का, ते मला शोधायचंय' असं सांगा. प्रश्न नेमका असला की आम्हाला कपाट आठवतं.

---

परचेस_चाकण

मी टेबलाच्या पलीकडे बसतो, व्हेंडर डेव्हलपमेंटला. आम्ही नवीन व्हेंडर घेताना जे बघतो तेच तुम्ही गिऱ्हाइकाचं बघा.

जीएसटी पोर्टलवर त्यांचा नंबर टाका. १५ अक्षरांतली पहिली दोन राज्याची, महाराष्ट्र २७. पुढची दहा म्हणजे पॅन, त्यातलं चौथं अक्षर सी असेल तर कंपनी, एफ असेल तर भागीदारी, पी असेल तर एकटा माणूस. खाली रिटर्न कुठल्या तारखेला भरले त्याचा तक्ता येतो. त्यातला ३बी, म्हणजे कर भरायचा रिटर्न, दर महिन्याला रखडत असेल तर रोकड आटली आहे असं मी धरतो.

दुसरं, ईपीएफओच्या, म्हणजे पीएफ खात्याच्या साइटवर 'एस्टॅब्लिशमेंट सर्च'. कुठल्या महिन्याचा पीएफ कधी भरला, किती माणसांचा भरला, ते दिसतं. मुदत पुढच्या महिन्याच्या १५ तारखेची. माझा सगळ्यात जास्त विश्वास याच्यावर. ब्रोशरमध्ये 'दोनशे कर्मचारी' आणि पीएफ अठरा जणांचा, असं मी स्वतः पाहिलंय.

तिसरं, ईकोर्ट्स या कोर्टांच्या साइटवर जिल्हा निवडून पक्षकाराच्या नावाने शोधा. चेक बाउन्सचे, म्हणजे कलम १३८ चे खटले कुणी कुणावर केलेत ते बघा. दोन-तीन स्पेलिंगं करून बघा, 'प्रा. लि.' लावून आणि न लावता.

आणि दादा, शिफ्ट सुटायच्या वेळी त्यांच्या गेटवर एकदा उभे राहा. समोरच्या चहाच्या टपरीवर कंपनीचं खातं आहे का रोख लागते, एवढं विचारा.

---

भोसरीकर

मंडळी, आठ दिवसांत जे सापडलं ते लिहितो. दुसऱ्या कुणाला उपयोग होईल. कंपनीचं नाव लिहीत नाही, त्यांनी माझं काही वाईट केलेलं नाही.

सीआयएनमध्ये वर्ष २०२२ निघालं. भरणा झालेलं भागभांडवल १ लाख. १९९४ ची आहे ती त्यांच्या वडिलांची भागीदारी फर्म, ती वेगळी. एका बँकेचा साडेतीन कोटींचा चार्ज, अजून उघडा, म्हणजे न फिटलेला. ताळेबंदात देणी २ कोटी १० लाख, त्यातले ३८ लाख एक ते दोन वर्षं जुने. पण सूक्ष्म-लघु उद्योगांच्या ओळीत शून्य! याचा अर्थ लागेना, म्हणून सीएंना फोन केला. ते म्हणाले, सप्लायरकडून उद्यम सर्टिफिकेट घेतलंच नसेल तर सगळे 'इतर'मध्ये जातात.

पीएफ ४६ जणांचा होता, आठ महिन्यांत ३१ वर आला. जीएसटी भरतात, पण दोन-तीन आठवडे उशिरा. कोर्टात काही नाही. पेपरात काही नाही, दोन दुपारी बसून चाळले. टपरीवाल्याने सांगितलं, 'खातं होतं, गणपतीपासून बंद केलं.'

हे सगळं एका वहीच्या पानावर उतरवून मी सरळ त्यांच्या मालकांना भेटायला गेलो. चिडतील असं वाटलं होतं. त्यांनी पान वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, 'आमचंही एका ठिकाणी मोठं पेमेंट अडकलंय.' मग तासभर बोललो. आता ठरलंय असं: स्टील त्यांनी पाठवायचं, आम्ही फक्त मजुरी लावायची. माल चार लॉटमध्ये, आधीच्या लॉटचं बिल चुकतं झाल्याशिवाय पुढचा निघणार नाही. मुदत ४५ दिवस, आणि पीओवर आमचा उद्यम नंबर छापलेला. १८ लाखांचं काम साडेपाच लाखांवर आलं. भाऊ दोन दिवस नीट बोलत नव्हता, काल बोलला.

एक शेवटचं विचारायचं राहिलं. १९९४ च्या भागीदारी फर्मचे कागद एमसीएवर नाहीत. ते कुठे बघायचे?

---

ताळेबंद

भागीदारी १९३२ च्या कायद्याखाली येते, तिची नोंद केलेली असेल तर ती रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे असते. फी भरून नोंदवही पाहता येते, उताराही मिळतो. भागीदार कोण, कधी आले, कधी गेले एवढं कळेल. हिशेब तिथे मिळणार नाहीत. उताऱ्यात त्या साडेतीन कोटींच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपैकी कुणाचं नाव दिसतंय का, तेवढं ताडून बघा आणि इथे कळवा.