वर आमचं भात, खाली तुमचा भराव

कांदामाळ
कार्लेखिंड उतरून अलिबागकडे आलं की सागरगडाच्या पायथ्यापासून थेट खाडीपर्यंत भाताची खाचरं उतरत जातात. त्यातल्या मधल्या पट्ट्यात आमचं शेत. गेल्या जुलैत लावणी होऊन आठ-दहा दिवस झाले होते. पाणी गुडघ्यापर्यंत चढलं आणि चार दिवस हललंच नाही. रोपं कुजली. पाऊस काही फार नव्हता. झालं एवढंच, की आमच्या खालच्या अंगाचे, रस्त्याकडचे दोन तुकडे विकले गेले. घेणाऱ्यांनी डंपरने मुरूम ओतून जमीन रस्त्याच्या उंचीला आणली, कंपाउंडची भिंत घातली आणि आमची मोरी, म्हणजे खाचरातलं पाणी खाली उतरायची वाट, त्या भरावाखाली गेली.

विकणाऱ्यावर माझा राग नाही. पण भातशेतीत पाणी एकाच्या खाचरातून दुसऱ्याच्या खाचरात उतरतं, शेवटी वहाळाला मिळतं. एकाने आपला तुकडा भरला की न विकणाऱ्याचंही शेत जातं, आणि त्याचे पैसे कुणी देत नाही. मांडव्याला गाड्या आणणारी रो-रो बोट आली, अटल सेतू झाला, विरार-अलिबाग मार्गाचं बोलणं चालू आहे. बंगले येणारच. माझं म्हणणं इतकंच, की पाण्याच्या वाटा आधी आखा आणि त्या सोडून बांधा. या सखल पट्ट्यात भराव टाकायलाच बंदी हवी. या धाग्यावर तुमचं मत सांगा.

पंचवीस गुंठे
ताई, रोपं कुजल्याचं वाईट वाटलं. पण बंदी म्हटलंत म्हणून लिहितो.

इथलं माझं नाव तेच माझं शेत, पंचवीस गुंठे. गेल्या हंगामात दहा क्विंटल भात झालं, म्हणजे चांगलंच झालं. २०२५-२६ चा सरकारी हमीभाव क्विंटलला २३६९ रुपये होता. पूर्ण मिळाला असं धरलं तर २३,६९० आले. आता खर्च. चिखलणीला पॉवर टिलर, लावणीला आठ माणसं पाचशे रुपये रोजाने, वर चहा आणि दुपारचं जेवण. खत. कापणीला परत माणसं, झोडणीला परत माणसं. सगळं मिळून सतरा-साडेसतरा हजार. उरले सहा. सहा महिन्यांचे सहा हजार. माझा मुलगा बंदरावर कंटेनर मोजायला जातो, तो हे पाच दिवसांत मिळवतो.

माझ्या चुलत्याने पंधरा गुंठे दिले आणि मुलीचं नर्सिंग पूर्ण केलं. ती आज पनवेलला नोकरीला आहे. त्या पंधरा गुंठ्यांत भात लावून ती नर्स झाली असती का? बंदी आली की माझ्या जमिनीचा भाव पडणार आणि तुमचा निसर्ग राहणार. त्याचं भाडं मला कोण देतंय?

आजोळ चरी
याच तालुक्यात चरीला १९३३ साली कुळांनी खोतांविरुद्ध संप केला. नारायण नागू पाटलांच्या मागे लोक सहा वर्षं उभे राहिले. शेतं पडीक ठेवली, लाकूडफाटा विकून दिवस काढले, पण नांगर धरला नाही. पुढे कुळकायदा आला, कसणाऱ्याचं नाव सातबारावर लागलं. त्यांची नातवंडं आज गुंठ्याचा भाव विचारत फिरतात, हे बघून पोटात तुटतं.

पंचवीस गुंठे
काका, माझा पणजोबा त्या संपात होता म्हणूनच सांगतो. संप मालक होण्यासाठी होता. मालक म्हणजे ज्याला विकताही येतं तो. विकायचं नाही, नुसतं राबायचं, त्याला आपल्याकडे कूळच म्हणत होते.

शनिवार रविवार
नावावरून कळलंच असेल, मी त्या बंगलेवाल्यांपैकी. तुमचा शेजारी नाही, पण तसाच एक. दोन बाजू मांडतो.

माझ्याकडे माळी, जेवण करणाऱ्या मावशी, रखवालदार असे तिघं गावातले आहेत, बाराही महिने. घर बांधलं तेव्हा गवंडी आणि सुतारही इथलेच. ही कमाई भाताने दिली नसती. दुसरं म्हणजे, मला मोरी हा प्रकारच माहीत नव्हता. एजंटाने सातबारा दाखवला, मोजणीचा नकाशा दाखवला, त्यात मोरी कुठेच नव्हती. वकिलानेही विचारलं नाही. पहिल्या पावसात शेजारचे आजोबा येऊन भिंतीकडे बघत उभे राहिले आणि न बोलता निघून गेले, तेव्हा मला वाटलं भिंत आवडली असेल.

तलाठ्याचा पोर
मोरी सातबारावर नसतेच. गावनकाशात ओढा-वहाळ असतो. खाचरातून खाचरात पाणी सोडण्याची वाट ही चालीरीत आहे, ती लोकांच्या डोक्यात असते. माणूस गेला की वाट गेली.

तरी कायदा आहे. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६, कलम ५. शेतात जाणारी वाट किंवा पाण्याचा नैसर्गिक प्रवाह कुणी अडवला तर तहसीलदार अडथळा काढायला लावू शकतात. वडिलांच्या काळात यावर बरेच निकाल झाले. फक्त अर्ज अडथळा आल्यापासून सहा महिन्यांच्या आत करायचा.

आणि तिथेच मेख आहे. भराव कधी पडतो? भात निघाल्यावर, जमीन सुकली की. म्हणजे डिसेंबर-जानेवारीत. पाणी कधी अडतं? जुलैत. मोजा महिने.

कांदामाळ
आमचा भराव डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पडला. मी मोजले. सात.

पंचवीस गुंठेदादा, तुमचा हिशेब खरा आहे, पण अर्धा आहे. तुम्ही भातावर थांबलात. भात निघाल्यावर त्याच जमिनीत ओल असते तिच्यावर वाल होतो, आणि विहिरीचं पाणी असेल तर पांढरा कांदा. आम्ही पाच गुंठेच लावतो, पण घरात रोकड येते ती त्यातूनच. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला भौगोलिक मानांकन आहे. (मानांकन असून हायवेवर कुठलाही पांढरा कांदा अलिबागचा म्हणून विकतात, तो वेगळा धागा होईल.) मानांकन मिळालं ते या मातीचं. ती मुरमाखाली गेल्यावर सर्टिफिकेट भिंतीला लावायचं का?

पंचवीस गुंठे
कांद्याच्या माळा विणायला कोण बसतं? घरातल्या बाया. त्यांचा रोज धरलात का हिशेबात?

कांदामाळ
नाही धरला. ती बाई मीच. पात फार सुकली तर विणताना तुटते, ओली राहिली तर माळ आतून सडते, म्हणून पहाटे दवात बसायचं आणि ऊन चढलं की उठायचं. आई आणि मी, महिनाभर. रोज धरला तर कांदाही तोट्यात जाईल बहुतेक. हे मान्य करायला मला दोन दिवस लागले, म्हणून उत्तराला उशीर.

पण मग उपाय जमीन घालवणं आहे की माळेचा भाव वाढवणं? शनिवार-रविवारवाले मुंबईत त्याच माळेला जे मोजतात आणि आमच्या हातात जे पडतं, त्यात फार अंतर आहे.

जिताड्याचं तळं
तुम्ही सगळे गोड्या जमिनीवाले भांडताय. आम्हा खारवाल्यांचंही, खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीवाल्यांचंही ऐका. खाडीच्या बांधाला पूर्वी सगळं गाव जोळ म्हणून राबायचं. भगदाड पडलं की प्रत्येक घरातून एक माणूस आणि चिखल. नंतर बांध सरकारच्या खात्याकडे गेले आणि गाव घरी बसलं. आता भगदाड पडलं की अर्ज, अंदाजपत्रक, निधी. तोवर भरतीचं पाणी आत येतं, दोन-तीन वर्षांत खाजण, म्हणजे खाऱ्या चिखलाची दलदल होते, कांदळवन म्हणजे तिवरं उगवतात. कांदळवन तोडायचं नाही, न्यायालयाचा आदेश आहे, आणि तो चुकीचा आहे असंही मी म्हणत नाही. पण सातबारावर शेत माझं आणि प्रत्यक्षात तिवरांचं. विकायला काढलं तर कुणी घेत नाही, पेरायला गेलो तर भात येत नाही. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने खाऱ्या जमिनीसाठी भाताच्या जाती काढल्या आहेत, त्या थोडा खार सोसतात. रोजची भरती नाही सोसत.

शेती फक्त बंगल्यांनी चालली नाही. आपणच बांधावर जायचं सोडलं. आता तळ्यातला जिताडा मासा तेवढा उरलाय, तोही पाहुणा आला की एक कमी होतो.

आजोळ चरी
जोळची आठवण काढलीत, बरं वाटलं. तेच पुन्हा उभं केलं तर? मोऱ्यांचा नकाशा गावाने स्वतः काढायचा, ग्रामसभेत ठराव करून ठेवायचा. घेणाऱ्याला सातबाऱ्याबरोबर तोही दाखवायचा.

तलाठ्याचा पोर
ठरावाने मालकाचे हात बांधले जात नाहीत, पण उद्या तहसीलदारांपुढे पुरावा म्हणून उपयोग नक्की होईल. काढाच. आणि डिसेंबरात पहिला डंपर दिसला की त्याच आठवड्यात अर्ज टाका, जुलैची वाट बघू नका.

पंचवीस गुंठे
नकाशाला माझी हरकत नाही. मोरी सोडून बांधा, हेही ठीक. बंदीला आहे. धाग्याच्या पहिल्या पोस्टमधला तो शब्द काढा, मी पहिली सही करतो.

कांदामाळ
शब्द नाही काढणार. भिंतीखाली मोरी ठेवली तरी दहापैकी सहा तुकडे भरले गेले की पाणी मुरायला जागाच उरत नाही. मग उरलेल्या चारांत तुमचे पंचवीस गुंठे असतील. पण नकाशाच्या कागदावर सही करा, तिथे बंदी लिहिलेली नसेल.

शनिवार रविवार
मी भिंत फोडून नऊ इंची पाइप टाकायला तयार आहे. खर्च माझा. आजोबांना विचारायला रविवारी जाईन म्हणतो.

जिताड्याचं तळं
नऊ इंचीत पहिल्याच पावसात पेंढा अडकेल. दोन फुटी सिमेंटचा टाका आणि तोंडाशी जाळी. आणि जाळी साफ करायला माळ्याला पाठवू नका, पाऊस लागला की स्वतः या.

कांदामाळ
जाताना भराव टाकणाऱ्या डंपरवाल्यालाही घेऊन जा. मोरी नेमकी कुठे पुरली आहे ते आजोबांइतकंच त्याला माहीत असेल.