सावित्रीचा पूल म्हातारपणाने गेला की दुर्लक्षाने?

खाडीपट्टा: 'ब्रिटिशांचं बांधकाम म्हणजे वज्र' हे महाडकरांसमोर बोलून बघा. मुंबई-गोवा महामार्गावरचा, महाडजवळच्या सावित्री नदीवरचा १९२८ चा दगडी कमानींचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात गेला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एसट्या आणि एक तवेरा गाडी अंधारात नदीत गेल्या. माझं मत स्पष्ट आहे: असे जुने पूल गाड्यांना बंद करा. ८८ वर्षं काय कमी झाली?

गवंड्याचा नातू: नाही पटलं. कमानीत दगडावर दगडाचा दाब असतो, ओझ्याने ती आणखी आवळते. सळईच नाही, तर गंजणार काय? खरी नाजूक जागा पाया. पुराचं पाणी खांबाशी भोवरे करतं आणि बुडातली वाळू उकरून नेतं. वर सांध्यात पिंपळ रुजला की मुळं चुना फोडतात. हे एका रात्रीत होत नाही हो. बघणारा पाहिजे.

खाडीपट्टा: बघितलं होतं की! त्याच मे महिन्यात तपासणी झाली होती आणि धोका नाही, असं सरकारनेच सांगितलं होतं.

गवंड्याचा नातू: रस्त्यावर उभं राहून कठडे बघितले तर धोका दिसणार कसा? पाण्याखालचा पाया बघायला पाणबुड्या उतरवावा लागतो.

एसटीप्रेमी: पूल बांधणाऱ्या ब्रिटिश कंपनीने 'पुलाची मुदत संपली' असं पत्र पाठवलं होतं म्हणे.

गवंड्याचा नातू: ते पत्र प्रत्येकाच्या व्हॉट्सअॅपवर आहे, कागदावर कोणी बघितलंय का?

पोलादपूरची लेक: तुम्ही दोघंही दगडातच अडकलात. मुंबईकडे जाणारी वाहतूक जुन्या पुलावरून होती, गोव्याकडची शेजारच्या नव्या पुलावरून. महाबळेश्वरला पाऊस कोसळला की सावित्री कशी फुगते हे इथलं पोरही सांगेल. त्या रात्री जुन्या पुलाच्या तोंडाशी दोरी धरून एक माणूस उभा असता आणि सगळ्या गाड्या नव्यावरून सोडल्या असत्या, तर? नंतरचा पूल १६५ दिवसांत झाला, ५ जून २०१७ ला उद्घाटन. म्हणजे मनात आलं की होतं.

खाडीपट्टा: ताई, दोरीचं मान्य. पण बाराही महिने बांधा.

गवंड्याचा नातू: आणि आमच्या गावाला असा जुना एकच पूल आहे, तो बंद केला तर डालग्यात घालून न्यायचं का पेशंटला?