पहिलं बाळंतपण पुण्यातच, माहेरी जाणं जमणार नाहीये. सव्वा महिन्याची तयारी काय काय करू?

लेकुरवाळी_होणार
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचतेय, आज पहिल्यांदा धागा काढतेय. मला ३४ वा आठवडा चालू आहे, पहिलंच. रीतीप्रमाणे लातूरला माहेरी जायचं ठरलं होतं पण आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, तिचं तिलाच होत नाही, त्यामुळे सगळं इथेच आमच्या टू बीएचकेत. सासूबाई येतायत पण त्यांना बीपी आहे, जागरणं झेपणार नाहीत. नवऱ्याला दोन आठवडे सुट्टी. परवाच्या सोनोग्राफीत बाळ पायाळू दिसलं, डॉक्टर म्हणाल्या अजून फिरेल, ३६ व्या आठवड्यात परत बघू, नाहीच फिरलं तर सिझर. म्हणजे तयारी दोन्हीची हवी.

बाळाच्या सामानाच्या याद्या मला इतक्या जणींनी पाठवल्यात की दुकान उघडता येईल. पण माझ्यासाठी काय लागेल ते कुणी धड सांगत नाही. मालिशवाल्या बाई सिझरनंतर कधीपासून चालतात? शेक-शेगडी करायची का? पोटपट्टा घ्यायचा का? स्वयंपाकाला एक बाई आणि मला-बाळाला बघायला दुसरी असं करावं का? आणि खाण्याचं काय, कारण सासूबाई म्हणतात डाळी नको, फळं नको, पाणी पण बेताने.

तिखटमीठ
पाणी बेताने?? अगं अंगावर पाजायचंय, तहान लागते म्हणजे घशाला कोरड पडते नुसती. पाजायला बसलीस की हाताशी पाण्याची बाटली पाहिजेच. कमी पाणी प्यायल्याने पोट आत जात नाही, फक्त कडक शी होते, आणि टाके असताना ते काय असतं ते मी इथे लिहीत नाही.

सिझरचं सांगते. दुसऱ्या दिवशी सिस्टर उठवून चालवतातच, कॅथेटर म्हणजे लघवीची नळी काढली की. ते टाळू नकोस, लवकर चाललं की गॅस सुटतो आणि पायात रक्ताच्या गुठळ्या व्हायचा धोका कमी होतो. उठायची पण एक पद्धत आहे. पाठीवरून सरळ उठायचं नाही, गुडघे दुमडायचे, अख्खं अंग कुशीवर वळवायचं, पाय पलंगाखाली सोडायचे आणि मग कोपरावर भार देऊन वर यायचं. खोकला, शिंक, हसू आलं की उशी पोटाशी घट्ट दाबून धरायची. आमच्याकडे माझा दीर विनोदी आहे, त्याला पहिला आठवडा खोलीत बंदीच होती 😄

घरात जमिनीवर गादी असेल तर आत्ताच पलंगाची सोय कर. कमोड हवा. चड्ड्या कंबरेच्या वरपर्यंत येणाऱ्या घे, नेहमीच्या घेतल्यास तर इलॅस्टिक बरोब्बर टाक्यावर येतं. पुढून उघडणारे गाऊन. आणि मॅटर्निटी पॅड, कारण सिझर झालं तरी अंगावरून जातंच, चार ते सहा आठवडे कमी कमी होत जातं, हे मला आधी कुणीच सांगितलं नव्हतं. बाळापेक्षा जड काही उचलायचं नाही सहा आठवडे, बादली नाही, कुकर नाही, मोठी जाऊबाईंची मुलं तर नाहीच नाही.

गोदाकाठची
मी जुन्या वळणाची, माझ्या दोन लेकींची आणि एका सुनेची बाळंतपणं मीच केलीत, त्यामुळे थोडं ऐक गं बाळा. सासूबाईंना सगळंच चुकीचं वाटतं असं करू नकोस, त्यांच्या पोटात माया आहे. डाळी नको म्हणतात त्या हरभरा, तूर, वाल यांच्याबद्दल म्हणत असतील, मुगाचं वरण, मुगाची खिचडी पहिल्या दिवसापासून चालते. बाजरीची भाकरी, लसणीचा ठेचा नाही पण लसूण घातलेली शेपूची भाजी, दुधी, मेथी, तांदळाची पेज तूप-जिरं घालून. संध्याकाळी अळिवाची खीर. जेवण झालं की बाळंतसुपारी, म्हणजे बाळंतशेपा, ओवा, तीळ, बडीशेप, सुकं खोबरं भाजून थोडं सैंधव लावायचं, चावत बसायची. पोट हलकं राहतं.

पण लाडू म्हणजे औषध समजून सकाळ-दुपार-संध्याकाळ खाऊ नयेत, एक पुरे. आमच्या वेळी बायका दिवसभर शेतात राबायच्या म्हणून ते तूप पचायचं. तुम्ही पलंगावर बसून फोन बघणार.

शेगडी मात्र मी करतेच. अंग मोडून आलेलं असतं, तेल लावून कडकडीत पाण्याने न्हाऊ घालायचं, मग ओवा-शेपाची धुरी आणि शेक. बाळंतीण दोन तास गाढ झोपते. त्या झोपेला तुमच्या कुठल्या गोळीची सर नाही.

वॉर्डातली_सिस्टर
काकू तुमचं खाणं, तेल, न्हाणं, झोप सगळं मान्य, शेगडीवर मात्र भांडणार. बंद खोलीत कोळसा पेटवला की कार्बन मोनॉक्साईड होतो, त्याला वास नाही रंग नाही, बाई आणि बाळ झोपेतच गुदमरू शकतात. वर धुराने बाळाची छाती भरते ते वेगळंच. शेकायचंच तर गरम पाण्याची पिशवी, तीही टॉवेलमध्ये गुंडाळून, आणि सिझरच्या टाक्यावर अजिबात नाही. कंबरेला भूल दिलेली असते, ती उतरेपर्यंत पायाला पण पिशवी लावू नका, भाजलेलं कळत नाही.

मालिश: हात, पाय, पाठ, डोकं, तुला बरं वाटायला लागलं की आठवड्याभरात सुरू कर. पोटाला हात लावू द्यायचा नाही, डॉक्टर सहा आठवड्यांच्या तपासणीत हो म्हणेपर्यंत. आणि एका पोटरीत दुखतंय, सुजलंय, गरम लागतंय असं असेल तर चोळून घेऊ नकोस, सरळ दवाखाना गाठ. पोटपट्टा उठता-बसताना आधार म्हणून चांगला, पण श्वास अडकेल इतका आवळायचा नाही आणि त्याने पोट कमी होतं या भ्रमात राहायचं नाही.

हे फ्रिजवर लावून ठेव, नवऱ्याला आणि सासूबाईंना दोघांना पाठ करायला सांग. तासाभरात पॅड पूर्ण भिजतंय, मोठ्या गुठळ्या पडतायत, अंगावरून जाणाऱ्याला घाण वास, १००.४ च्या वर ताप, टाक्यातून पू, प्रचंड डोकं दुखून डोळ्यापुढे अंधारी, धाप लागणं, छातीत दुखणं. यातलं काहीही झालं तर ओवा-बिवा नाही, फोनवर सल्ला नाही, १०८ ला फोन. डोकेदुखीला बायका फार हलक्यात घेतात, बीपी बाळंतपणानंतरही चढतं, आधी कधी नव्हतं अशांचंही.

रक्तवाढीच्या गोळ्या बाळंतपणानंतर सहा महिने चालू ठेवायच्या, कॅल्शियम आणि ती एकत्र नाही, वेगवेगळ्या वेळी, आणि लोहाच्या गोळीवर चहा नाही. सरकारी दवाखान्यात येणार असशील तर जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात नॉर्मल, सिझर, औषधं, जेवण, नेणं-आणणं सगळं मोफत आहे. खाजगीत झालं तरी आशाताईंना कळवून ठेव, बाळाला बघायला त्या ४२ दिवसांपर्यंत घरी येऊन जातात, वजन करतात, फुकटचा आणि भरवशाचा माणूस आहे.

आणि हो, पायाळू बाळ फिरवून देते म्हणणारी कुणी पोट चोळायला आली तर दारातूनच परत पाठव. बाहेरून बाळ फिरवायची रीतसर पद्धत असते, ३६-३७ आठवड्यांच्या आसपास, पण ती हॉस्पिटलमध्ये, सोनोग्राफी करून, बाळाचे ठोके बघत, सिझरची सोय शेजारी ठेवून. सगळ्यांना चालत नाही. तुझ्या डॉक्टरांना विचार.

पाटा_वरवंटा
सिस्टर, आता गुटीला पण नाही म्हणू नका 🙏 आमच्याकडे पिढ्यानपिढ्या मुरूडशेंग, वेखंड, जायफळ उगाळून देतात, सगळी धडधाकट आहेत.

वॉर्डातली_सिस्टर
म्हणणार. सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही. सहाणेवर उगाळलेलं, बोटाने चाटवलेलं, त्यातून जुलाब घेऊन आलेली बाळं माझ्या वॉर्डात असतात. जायफळाने बाळ झोपतं ते गुंगीने. आणि मध तर वर्षभर नको, त्यातून बोट्युलिझम नावाची गंभीर विषबाधा होऊ शकते. बाळाला वरून द्यायचं ते फक्त व्हिटॅमिन डीचे थेंब, रोज ४०० युनिट, डॉक्टर लिहून देतात. धडधाकट राहिलेली गुटीबद्दल सांगायला आहेत हो, बाकीची कोण मोजतंय.

पाटा_वरवंटा
बरं बाई. सहाण देवघरात ठेवते.

ऱ्हाईनकाठ
जर्मनीहून लिहितेय. इथे डिलिव्हरीनंतर हेबामं म्हणजे सुईणबाई घरी येतात, पहिले दहा दिवस लागलं तर रोज, नंतरही बारा आठवड्यांपर्यंत, पैसे इन्शुरन्स देतो. फक्त त्या शोधायला पोट दिसायच्या आधीच सुरुवात करावी लागते. माझी नॉर्मल झाली, टाके होते. लघवीच्या वेळी कोमट पाण्याची बाटली घेऊन बसायचं आणि सोबत सोबत पाणी सोडायचं, आग निम्म्याने कमी. पहिले दोन दिवस कपड्यात गुंडाळलेला बर्फाचा शेक, मग कोमट पाण्याच्या टबात बसायचं. इसबगोल रात्री. पॅरासिटामॉल, आयब्रुफेन पाजताना चालतं, सहन करत बसू नकोस, फक्त डॉक्टरांना विचारून घे.

अजून एक, भारतात याबद्दल कमी बोलतात. शिंकलं की थेंबभर लघवी होणं. तीन-चार महिन्यांनीही होत असेल तर "आता आई झालीस, असंच असतं" हे ऐकून गप्प बसू नकोस. लघवी अडवतो त्या स्नायूंचे व्यायाम असतात, पुण्यात फिजिओथेरपिस्ट मिळतील. इथे त्याचा क्लास इन्शुरन्समध्येच येतो, मी आणि दोन तुर्की बायका, हसून हसून वाट.

बाबा_इन_ट्रेनिंग
नवऱ्याच्या बाजूने लिहितो, ताई तुम्ही हे त्याला वाचायला द्या. सुट्टी पहिले दोन आठवडे सलग घेऊ नका असं मी म्हणेन, हॉस्पिटलचे दिवस त्यातच जातात आणि घरी आल्यावर खरी मजा सुरू होते. एक आठवडा आधी, एक आठवडा सासूबाई दमल्यावर. रात्रीचं डायपर माझ्याकडे होतं. बाळ उठलं की मी उचलायचं, बदलायचं, बायकोच्या कुशीत द्यायचं, पाजून झालं की ढेकर काढून झोपवायचं. तिने पलंगावरून उतरायचंच नाही. दिवसभर मग मी ऑफिसात झोम्बी, चालतंय की.

पाहुणे हे पण तुमचंच खातं. "बाळ बघायला येतो" म्हणणाऱ्यांना बारशाला या सांगायचं. माझ्या आत्याला राग आला, बारशाला आली, दोन ड्रेस घेऊन आली, राग गेला. जन्मनोंदणी २१ दिवसांत व्हायला लागते, हॉस्पिटल कळवतं पण आईवडिलांच्या नावांचं स्पेलिंग तिथेच तपासा, नंतर महापालिकेत खेटे.

तिखटमीठ
बायांबद्दल राहिलंच. दोन ठेवता आल्या तर दोनच ठेव. एकीलाच सगळं सांगितलं की ती बाळ घेऊन बसते आणि बाळंतीण भांडी घासते, हे मी तीन घरी पाहिलंय. एकच परवडत असेल तर ती स्वयंपाक-धुणंवाली ठेव, बाळाला तुम्ही बघा. मालिशवाल्या बाई आत्ताच बोलून ठेव, चांगल्या बायांची तारीख लग्नाच्या हॉलसारखी आधी बुक असते.

मध्यरात्रीची_चिवचिव
सगळ्यांनी शरीराचं लिहिलंय म्हणून हे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध उतरतं, छाती दगड होते, आणि तेव्हाच विनाकारण रडू येतं. मला तर वरणात मीठ कमी म्हणून आलं. दोनेक आठवड्यांत ते ओसरतं. नाही ओसरलं, झोपायला मिळूनही झोप येत नाही, बाळ परकं वाटतंय, आपण नसलो तर बरं असे विचार येतायत, तर ते "लाड" नाहीत, आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत, पाजताना चालणारी औषधंही आहेत. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात. नवऱ्याच्या फोनमध्ये सेव्ह कर, कारण त्या वेळी आपल्याला स्वतःला फोन करावासा वाटत नाही.

दूध पुरतंय का ही भुणभुण सगळेच करणार. बाळाचं वजन पहिल्या काही दिवसांत थोडं उतरतंच, दोन आठवड्यांत परत जन्माच्या वजनावर येतं. पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहा तरी लंगोट ओले होतायत ना, मग पुरतंय. लगेच डबा आणायला पळू नका. पहिला पिवळट चीक टाकून देऊ नका, सिझर असलं तरी शक्य तितक्या लवकर लावा. स्तनाग्राला चिरा पडतायत तर बाळ नुसतं टोक धरतंय, भोवतीचा काळा भागही तोंडात गेला पाहिजे. हॉस्पिटलमधून निघायच्या आधी सिस्टरला समोर बसवून दाखवून घे, लाजू नकोस.

लेकुरवाळी_होणार
अगं बापरे, किती लिहिलंत सगळ्यांनी, खूप खूप थँक्यू. नवऱ्याने वाचलं, धोक्याच्या खुणांचं प्रिंटआउट फ्रिजवर लागलंय. सासूबाईंना गोदाकाठच्या काकूंचा रिप्लाय वाचून दाखवला, मुगावर एकमत झालंय, शेगडीवर अजून चर्चा चालू आहे, गरम पिशवी आणून ठेवली आहे. पोळ्यावाल्या ताई दोन्ही वेळ यायला तयार आहेत, मालिशवाल्या बाईंचा नंबर सोसायटीतून मिळाला.

काकू, एकच विचारते, लाडू आत्ता करून ठेवले तर टिकतील का? नंतर सासूबाईंना एकटीला जमायचं नाही.

गोदाकाठची
डिंकाचे टिकतात. डिंक कडक उन्हात वाळवून मग तुपात फुलव, आतून कच्चा राहिला तर दाताला चिकटतो. खारीक पूड, भाजलेलं सुकं खोबरं, खसखस, गूळ, पाण्याचा हात लावायचा नाही, बंद डब्यात महिनाभर काही होत नाही. अळिवाचे आत्ता नको, त्यात ओला नारळ असतो, फ्रिजमध्येसुद्धा आठवड्याच्या आत संपवावे लागतात. नुसते अळीव निवडून बरणीत भरून ठेव, ते बाळ झाल्यावर नारळपाण्यात भिजवले की अर्ध्या तासात होतात, तुझ्या नवऱ्यालाही जमेल.

बाबा_इन_ट्रेनिंग
जमतं. गूळ घालून ढवळत राहायचं, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. करपला की कढई घासायलाही आपल्यालाच लागते.