भरडलेले जवस आणि सोयाबीन सुरू केल्यापासून दुधाची फॅट घसरली: मात्रा चुकली की पद्धत?

नमस्कार. माझ्या पाच गायी नुकत्याच व्यालेल्या आहेत. या काळात खाण्यातून मिळणारी ऊर्जा दुधाला पुरत नाही आणि गायी खंगतात. स्निग्ध पदार्थांतून पिष्टमय पदार्थांच्या सुमारे सव्वादोन पट ऊर्जा मिळते, म्हणून तीन आठवड्यांपूर्वी प्रत्येक गायीला रोज एक किलो जवस आणि एक किलो कच्चे सोयाबीन, दोन्ही बारीक भरडून, आंबोणातून देऊ लागलो. हळूहळू सवय लावायला हवी होती. मी दोन दिवसांतच पूर्ण मात्रेवर गेलो, ही चूक मान्य आहे. दूध प्रत्येकी लिटरभर वाढले, परंतु फॅट ४.१ वरून ३.३ वर आली आणि शेणही पातळ झाले.

माझा हिशोब असा आहे. गाय कोरड्या वजनाने दिवसाला सुमारे १६ किलो खाते. जवसात साधारण ४० टक्के आणि सोयाबीनमध्ये १८ ते २० टक्के तेल धरले, तर बियांतूनच जवळजवळ ६०० ग्रॅम तेल जाते. वैरण व पेंडीतील अंदाजे ४०० ग्रॅम त्यात मिळवले की एकूण प्रमाण सहा टक्क्यांच्या थोडे पुढे जाते. सहा ते सात टक्के ही वरची मर्यादा मानतात, म्हणजे मी काठावर आहे.

तरीही मला मात्रेपेक्षा भरडण्याचाच संशय अधिक येतो. अखंड बी रवंथ करताना सावकाश फुटते. भरडलेल्या बियांतील असंपृक्त तेल मात्र रुमेनमध्ये (गायीच्या पोटाच्या पहिल्या, मोठ्या कप्प्यात) एकदम मोकळे होऊन तंतुमय चारा पचवणाऱ्या जिवाणूंना मारक ठरते, आणि त्या तेलाचे रूपांतर होताना तयार होणारी काही ट्रान्स मेदाम्ले कासेतील फॅट तयार होण्याची क्रियाच मंदावतात. अडचण अशी, की अखंड जवस बरेचसे शेणातून तसेच बाहेर पडते.

म्हणून जवस बंद करून जवळपास तेवढेच तेल देणारी दोन किलो अखंड सरकी द्यावी काय? तिच्यातील तंतूंमुळे फॅट सावरेल असे वाटते, पण सरकीतील गॉसिपॉल या विषारी घटकाचा विचार करता ही मात्रा रोज चालेल काय? सोयाबीन भाजल्याने त्यातील प्रथिनांचे पचन रोखणारा ट्रिप्सिनरोधक घटक निष्प्रभ होतो, तर ते नेमके किती भाजावे? कच्च्या सोयाबीनमधील युरिएज या विकरामुळे (एन्झाइममुळे) युरियातून अमोनिया झपाट्याने सुटतो, हे कळल्यावर युरिया प्रक्रिया केलेला पेंढा मी कालच थांबवला. सोयाबीन भाजून दिल्यास तो पुन्हा सुरू करता येईल काय? आणि हे बदल केल्यावर फॅट पूर्ववत होण्यास किती दिवस वाट पाहावी?