किडलेल्या दाढेमुळे डोकं दुखू शकतं का? आईसाठी विचारतेय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आईचं वय ५४, गेले अडीच महिने तिचं उजव्या बाजूचं डोकं दुखतंय, म्हणजे कानशील, डोळ्याच्या मागे आणि कधीकधी कानातही. रात्री आडवी झाली की जास्त. उलटी नाही, उजेडाचा त्रास नाही, बीपी नॉर्मल, डोळे तपासून नंबर बदलून झाला, तरी फरक शून्य. आता जवळजवळ रोज एक पेनकिलर चाललीये आणि मला त्याचीच जास्त भीती वाटतेय.

परवा ती तोंड उघडून जांभई देत होती तेव्हा दिसलं, उजवीकडे वरच्या शेवटून दुसऱ्या दाढेला चांगला मोठा काळा खड्डा पडलाय. विचारलं तर म्हणते मागे थंड पाण्याने सळक यायची, मग आठवडाभर खूप ठणकली आणि आपोआप थांबली, म्हणजे बरी झाली ना! तेव्हापासून ती डाव्या बाजूनेच चावते हेही तेव्हाच कळलं. मी म्हटलं दाताच्या डॉक्टरकडे जाऊ तर "डोकं दुखतंय आणि तू मला दातवाल्याकडे काय नेतेस" म्हणून उडवून लावलं. दाढ आता अजिबात दुखत नाही, तरी डोकेदुखी तिच्यामुळे असू शकते का? आधी कोणाकडे जावं, दाताच्या की मेंदूच्या डॉक्टरकडे? कोणाला असा अनुभव असेल तर प्लीज सांगा.

प्रतिसाद १
हो, असू शकते. मी दातांचीच डॉक्टर आहे, न तपासता निदान करणार नाही पण दोघींना पटेल असं सांगते. चेहऱ्याच्या प्रत्येक बाजूला ट्रायजेमिनल नावाची एक मोठी नस असते, मेंदूतून निघणाऱ्या १२ जोड्यांपैकी पाचवी, तिच्या तीन शाखा, एक कपाळ आणि डोळ्याकडे, दुसरी वरच्या जबड्याकडे, तिसरी खालचा जबडा आणि कानशिलाकडे. तिन्हींकडून आलेली दुखण्याची बातमी मेंदूच्या देठात एकाच जागी जाऊन पोचते, त्यामुळे नेमकं कुठून आलं यात मेंदूची गल्लत होते आणि दाढेचं दुखणं कानशिलात नाहीतर कानात जाणवतं. अशी दुखी सहसा मधली रेघ ओलांडत नाही, उजव्या दाढेची उजवीकडेच राहते, तुमच्या वर्णनात ते जुळतंय.

आता "आपोआप थांबली" याबद्दल. हे वाचून मला खरंच काळजी वाटली. कीड वरच्या कवचात असते तेव्हा काही कळत नाही, आतल्या थरात गेली की थंडाने सळक येते, आणि अगदी आतल्या नसेपर्यंत पोचली की ठणका लागतो, आडवं झालं की वाढतो. मग एक दिवस ती नस मरते आणि ठणका गायब. पेशंट खूश होतो पण जंतू आतच असतात, मुळाच्या टोकातून हाडात उतरतात. तेव्हा दुखणं थांबलं म्हणजे दाढ बरी झाली असं अजिबात समजू नका. क्लिनिकमध्ये थंड लावून, दाढेवर हळूच ठोकून आणि एक्स-रे काढून बरंचसं कळतं. शंका राहिली तर तेवढाच भाग बधिर करून बघतात, डोकं हलकं झालं तर मूळ तिथेच असण्याची शक्यता वाढते.

प्रतिसाद २
माझ्या वेळी उलटं झालं म्हणून लिहितो. मला पण सकाळी उठल्या उठल्या दोन्ही कानशिलं जड, मी दोन दाढांत सिमेंट भरून घेतलं, काही उपयोग नाही. शेवटी कळलं की झोपेत दात करकरा खातोय, जबड्याचे स्नायू रात्रभर आवळलेले, आणि त्यातला एक मोठा स्नायू थेट कानशिलावर पसरलेला असतो. रात्री लावायची दातांची प्लेट करून दिली, हळूहळू कमी झालं. ताई, आई महिनोन्महिने एकाच बाजूने चावतायत तर स्नायूंचं दुखणं वेगळं असू शकतं, तेही डॉक्टरांना सांगा.

प्रतिसाद १
बरोबर मुद्दा. अजून एक, वरच्या दाढांची मुळं सायनसच्या तळाला अगदी खेटून असतात, तिथला संसर्ग वर सायनसमध्ये जाऊ शकतो. एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड, गाल जड, वाकल्यावर दुखी वाढणं, असं काही आहे का विचारा. आणि आईंचं वय ५० च्या पुढे आहे म्हणून हे नक्की विचारा, चावताना जबडा भरून येऊन थांबल्यावर बरं वाटतं का, केस विंचरताना डोकं हुळहुळतं का, डोळ्यांनी मधेच अंधुक किंवा दोन दोन दिसतं का. यातलं काही असेल तर दाढ राहू दे बाजूला, त्याच दिवशी फिजिशियनकडे जा, कारण कानशिलाच्या रक्तवाहिनीला सूज असेल तर नजर जाऊ शकते. ताप, गालाला सूज, तोंड न उघडणं, गिळायला त्रास, यातही थांबायचं नाही.

पेनकिलरचं तुम्ही बरोबर ओळखलंत. साध्या गोळ्या महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, असं ३ महिन्यांहून जास्त चाललं तर त्या गोळ्यांमुळेच रोजची डोकेदुखी सुरू होऊ शकते. किती दिवस घेतल्या ते वहीत लिहून न्या.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार, तुमचा "नस मरते" वाला पॅरा आईला मोठ्याने वाचून दाखवला, पाच मिनिटं गप्प बसली आणि म्हणाली चल. नाकाचं, डोळ्यांचं, विंचरण्याचं काहीच नाही, तिन्ही वेळा खोदून विचारलं. थंड लावल्यावर त्या दाढेला काही जाणवलंच नाही, पण ठोकल्यावर ओरडली, आणि एक्स-रेत मुळाच्या टोकाशी काळा डाग दिसला. रूट कॅनल सुरू केलंय, पहिली सिटिंग होऊन सहा दिवस झाले, कानातलं दुखणं गेलंय, रात्री झोप लागतेय, कानशिलात मात्र संध्याकाळी थोडं उरतंच. गोळी सहा दिवसांत दोनदाच घेतली. डॉक्टर म्हणाले दाढेचं काम पूर्ण होऊ दे, तरी राहिलं तर जबड्याचे स्नायू बघू आणि गरज पडली तर मेंदूच्या डॉक्टरकडे पाठवू.

एकच विचारायचं राहिलं, रूट कॅनल झाल्यावर कॅप लगेच बसवावी लागते का थोडं थांबलं तर चालतं? आई आता म्हणतेय दुखत नाही तर कॅप कशाला, आणि मला पुन्हा तेच सगळं नकोय.

प्रतिसाद १
थांबू नका. मागच्या दाढेवर चावण्याचा जोर खूप येतो आणि किडीने पोखरलेली दाढ कॅपशिवाय उभी चिरू शकते, तशी चिरली तर बहुतेकदा काढावीच लागते. पक्कं सिमेंट भरून झालं की कॅपचं माप त्याच सुमारास देऊन टाका, आणि तोवर आईंना त्या बाजूने कडक काही चावू देऊ नका.